महबूबचं म्हणणं

आमचे घरमालक नरहरी आप्पा यांना कुठल्याही विषयावर मत विचारलं, तर ते लगेच देत नाहीत. डोक्यावरची टोपी काढतात, तिच्यात एकदा डोकावतात, पुन्हा घालतात आणि म्हणतात, "थांबा. महबूबला इचारून उद्या सांगतो."

माझ्यासारख्या माणसाची यात फार पंचाईत होते. मी शाळामास्तर. माझं मत बातमी वाचून व्हायच्या आतच तयार असतं, आणि समोरच्यानं ते ताबडतोब खोडून काढावं अशी माझी अपेक्षा असते. बदली होऊन मी सास्तूरला आलो आणि आप्पांच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. रोज संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून मी देश ढवळून काढायचो, आणि आप्पा म्हणायचे, उद्या सांगतो. सांगायचे मात्र नक्की.

आप्पा पंच्याहत्तरीच्या पुढचे. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर बांधून मिळालेल्या घरात त्यांचं कुटुंब राहतं, पण ते स्वतः अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपतात, कारण स्लॅबवर त्यांचा विश्वास नाही. स्लॅबबद्दलचं हे एकच मत त्यांचं स्वतःचं होतं. बाकी सगळी महबूबची.

जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा गावात दोन तट पडले होते. कुणी धाराशिव म्हटलं की दुसरा मुद्दाम उस्मानाबाद म्हणायचा. मी आप्पांना विचारलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं.

"महबूब म्हंतो, नाव कंचं बी लावा, पर यष्टीवरची पाटी ठसठशीत लिवा. त्याला आता लांबचं दिसंना झालंय."

मी म्हटलं, "मग त्यांना म्हणावं डोळे तपासून घ्या. आमच्या शाळेत शिबिर आहे."

आप्पांनी टोपी सारखी केली. "त्यो कुठं येतो," म्हणाले आणि शेडकडं गेले.

आरक्षणाचं आंदोलन तापलं तेव्हा पुढाऱ्यांना गावबंदी करायची टूम निघाली. महबूबचं म्हणणं असं, की बंदी करू नका; वेशीवरच अडवलं तर आपल्या रस्त्यातले खड्डे त्यांच्या गाडीला लागणार कधी? हे मी शाळेत माझंच म्हणून सांगितलं आणि हशा मिळवला. मग भोंगे आणि डीजेचा वाद आला. आप्पा म्हणाले, "दोन्ही बी बारीक करा म्हंतो. त्या दणदणाटानं जमीन हादरती. झोपंतनं दचकून उठतो बिचारा."

सरकार बायकांच्या खात्यात पैसे टाकू लागलं त्या आठवड्यात तर आप्पांचं आणि महबूबचं कडाक्याचं भांडण झालं. आप्पा योजनेच्या विरुद्ध होते. महबूब बाजूनं. आप्पा संध्याकाळी तरातरा चालत आले ते लालबुंद होऊनच.

"मला म्हंतो, बाईच्या हातात आलं तर घराला लागंल, तुज्या हातात आलं तर पानपट्टीला. लई वाद घातला म्या. ऐकंना. उठून आलो."

सून जेवायला बोलवायला आली तर म्हणाले, "त्या महबूबला वाढ जा." सुनेनं पदर ओढून घेतला आणि ती आत गेली. मला वाटलं, सासऱ्याच्या रागाला भ्याली.

इतकी ठाम आणि तिरपागडी मतं असलेल्या माणसाला भेटायचंच असं मी ठरवलं. महबूब राहतात कुठं, असं विचारल्यावर आप्पा म्हणाले, "जुन्या गावात." जुनं गाव पडलेलं आहे हे मला ठाऊक होतं. पण जागा न सोडणारी जिद्दी माणसं असतात. एखादं घर राहिलं असेल असं समजून एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी मोटारसायकल तिकडं वळवली.

घर एकही नव्हतं. वेड्या बाभळी, दगडांचे ढीग, मधेच एखादा शाबूत उंबरा, पण त्याच्यामागं दार नाही आणि भिंतही नाही. एका कोनाड्यात दिव्याची काजळी अजून होती. गाडी बंद केल्यावर जी शांतता आली ती मला आवडली नाही. पाखरंसुद्धा दुसऱ्या बाजूला ओरडत होती. तेवढ्यात आप्पांचा आवाज आला.

एका दगडी पायरीवर ते बसले होते. पायरीच्या एका कडेला, अंग चोरून, बाकीची मोकळी सोडून. "आता परीक्षेचे पेपर फुटायल्यात म्हणं," ते म्हणत होते, "पोरं रस्त्यावर आल्यात. तुला काय वाटतं?" मग गप्प झाले. ते गप्प बसणं फार वेळ चाललं. त्यात त्यांनी मान हलवली, एकदा भुवया वर केल्या, एकदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि समोरच्याचं बोलणं संपलं नाही हे पाहून मिटलं. मग त्यांची नजर डावीकडून उजवीकडं सरकत गेली, बोलता बोलता कुणी येरझाऱ्या घालू लागावं तशी. चुकार शेळी चरत चरत पायरीपाशी आली, मोकळ्या बाजूला थबकली आणि तेवढी जागा सोडून वळसा घालून गेली. आप्पा हसले. "व्हय, हे बी खरंच," म्हणाले.

मी गाडी ढकलत रस्त्यापर्यंत नेली आणि मगच सुरू केली. शास्त्र शिकवतो मी. त्या संध्याकाळी मागं वळून बघायचं धाडस काही झालं नाही.

खुलासा बानूबींनी केला. एसटी थांब्याजवळ त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे. माझी बायको बांगड्या भरायला गेली, तिच्यासोबत मी गेलो आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाबी, हे महबूब कोण?" बायकोचा हात त्यांच्या हातात होता, बांगडी अर्ध्यावर. ती तिथंच थांबली.

"आमचे हे," त्या म्हणाल्या. "टेलर होते. भूकंपात गेले, मास्तरसाब. मी बेंबळीला माहेरी गेलते म्हणून वाचले."

बायको माझ्याकडं आणि मी बांगडीकडं बघत राहिलो. त्यांनी ती हलकेच पुढं सरकवली.

"आप्पा येऊन सांगतात ना तुम्हाला? मला बी सांगतात. भाबी, महबूब म्हंतो गुडघ्याचं आपरेशन करून घे. केलं म्या. महबूब म्हंतो, गॅस घे, धुरात बसू नको. घेतला." त्या हसल्या. "गंमत सांगू? लगीन झाल्यापास्नं ह्यांचं एक मत म्या ऐकलं न्हवतं. मशीन बोलायची, हे न्हाय. बोलायचे ते आप्पा. मशीनीम्होरं बसून पेपर वाचायचे आन देश चालवायचे. ह्यांनी तोंड उघडलं की, थांब, माझं होऊ दे. आता रोज मत येतंय. खोटं असंल, समजतं मला. पर माझा माणूस कसा होता, ते आता कुठं कळायलंय."

मी त्यानंतर आप्पांना मत विचारायचं टाळू लागलो. खरं म्हणजे मला उत्तराची भीती वाटू लागली होती.

मग नागपंचमीचा सण जवळ आला आणि गावातल्या मोबाइलवर एक मजकूर फिरू लागला. या सणाला बांगड्या आपल्याच माणसाकडून भरा, एवढंच त्यात होतं. नाव कुणाचं नव्हतं, पण गावात बांगड्यांचं दुकान एकच. पंचमीच्या आधी ज्या दुकानात बायकांना उभं राहायला जागा नसते, तिथं बानूबी एकट्या बसून काचेवरची धूळ पुसत होत्या. बाकी वर्षाची विक्री ती काय? त्यांचं सगळं त्या सणावर असतं.

मजकूर फिरवणारा सोमनाथ हा आप्पांचा सख्खा पुतण्या. मारुतीच्या पारावर बसला होता, पाच-पंचवीस माणसं भोवती. मीही होतो. माझं मत अर्थातच तयार होतं, आणि आश्चर्य म्हणजे ते माझ्या तोंडून निघेना. नोकरीचं गाव, नसती भानगड, असं काहीतरी मी मनाशी म्हणत होतो. तेवढ्यात आप्पा आले.

सोमनाथ म्हणाला, "आप्पा, आळीतल्या बायका तुमच्या घराकडं बघून चालत्यात. तुमी एकदा सांगून टाका. आन तुमचं सांगा. मेलेल्याचं नगं."

पारावर कुणी हसलं नाही. आप्पांनी टोपी काढली, आत बघितलं, घातली. "उद्या सांगतो," म्हणाले आणि जुन्या गावाच्या वाटेला लागले. मी त्यांच्यामागून गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही.

त्यांनी मला पाहिलं, पण हाकललं नाही. पायरीच्या कडेला बसले. मोबाइलवरचा मजकूर शब्द न् शब्द बोलून दाखवला. "तुज्या बायकोची गोष्ट हाय," म्हणाले. "सांग. काय करू?"

मग तीच शांतता. पण या वेळी त्यांची मान हलली नाही. नजर सरकली नाही. ऊन बाभळींच्या शेंड्यांवर गेलं, तरी ते कान देऊन बसलेलेच. मला अचानक वाटलं, की इतके दिवस इथं कुणीतरी होतं आणि आज नाही. ते वाटणं मला अजून नीट झटकता आलेलं नाही.

"बोलंना," आप्पा म्हणाले. आवाज लहान झाला होता. "मास्तर, गणपती बुडवायच्या मिरवणुकीत त्यो माज्या कानाशी लागला. नरहरी, मला एक बोलायचंय म्हनला. माजं भाषण चाललं होतं. राजकारणाचं. म्या म्हनलं, उद्या बोल. मनात म्हनलं, रोज बोलतो मीच, उद्या एक दिस त्यो बोलंल. आन पहाटं हे सगळं खाली आलं. काय बोलायचं होतं त्याला? तवापास्नं इचारायलोय. त्येवढं सोडून सगळं सांगतो. आज तर काहीच सांगंना."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. फार हाडकुळा खांदा होता. त्यांच्या त्या रोजच्या 'उद्या सांगतो'मागं एवढा मोठा पश्चात्ताप असेल हे मला कधी सुचलं नव्हतं, आणि मला त्यांची फार दया आली.

दुसऱ्या दिवशी पार भरला. आप्पा उभे राहिले ते पाराची कड धरून. या माणसानं एके काळी चार तास न थांबता भाषणं ठोकली होती, असं म्हातारे सांगतात. त्या दिवशी त्यांना पहिला शब्द सापडेना.

"महबूब काय बोलला न्हाय," ते शेवटी म्हणाले. "म्हणून हे माजं हाय. चुकलं तर मला जोडं मारा. आज माजी सून, माज्या दोन लेकी आन नाती भाबीकडं बांगड्या भरणार. म्या सवता दुकानाम्होरं बसणार. ज्याला बंद पाडायचंय त्यानं यावं आन माज्यासंगं वाद घालावा. म्या किती बोलू शकतो ते तुमच्या बापांना इचारा."

सोमनाथ काही म्हणणार तेवढ्यात त्याच्याच खिशातला मोबाइल वाजला आणि त्यातून बाईच्या आवाजात भक्तिगीत सुरू झालं. ते बंद करायच्या गडबडीत बोलायचं राहिलं. गावातल्या सगळ्या बायका त्या पंचमीला बानूबींकडं आल्या असं मी म्हणणार नाही. निम्म्या आल्या. माझी बायको सकाळीच गेली आणि मला न विचारता गेली, हे बरं झालं. आप्पा तीन दिवस दुकानाबाहेर स्टुलावर बसून होते. वाद घालायला कुणी आलं नाही याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं.

सण झाला. त्यानंतर आप्पा जुन्या गावाकडं गेल्याचं मी पाहिलं नाही. संध्याकाळी शेडमध्ये बसून राहायचे. मीही पेपर घडी करून ठेवायचो. एक दिवस ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. ऊन अजून होतं.

"मास्तर, मोकळे हाव का? जुन्या गावापतोर येता का माज्यासंगट?"

"येतो की. का हो?"

ते उंबऱ्याकडं बघत म्हणाले, "एकट्याला भ्या वाटायलंय."

मला हसू आलं. "आप्पा, इतकी वर्षं रोज जात होता. तेव्हा नाही वाटलं?"

"तवा एकटा कुठं होतो?" आप्पा म्हणाले.

मी चपला घातल्या आणि त्यांच्यासोबत निघालो.