कृष्णद्रव्याचा जाहीर सत्कार

विश्वातलं बहुतेक वजन डोळ्यांना दिसत नाही, पण सगळं त्याच्याच ओढीनं चालतं. शास्त्रज्ञांना हे अलीकडे कळलं. उचगावच्या आमच्या शिक्षण संस्थेत मात्र ते स्थापनेपासून शिपायालाही ठाऊक आहे.

आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या स्नेहल मगदूम याच वजनावर संशोधन करतात. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. ते दिसत नसल्यामुळे मॅडम ग्रहीय तेजोमेघ बघतात (ग्रहांशी यांचा काडीचा संबंध नाही, पण एकदा दिलेलं नाव बदलायला ठराव लागतो). म्हातारा तारा मरताना अंगावरचा वायू बाहेर टाकतो, तोच हा तेजोमेघ; तो हिरवट उजळतो आणि फार लांबूनही ओळखू येतो. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची अफाट वस्ती. तिच्या पार वेशीवर हे तेजोमेघ किती वेगानं पळतात ते मोजायचं, म्हणजे त्यांना ओढणारं न दिसणारं वजन किती ते कळतं.

चार वर्षं अर्ज केल्यावर मॅडमना परदेशातल्या एका मोठ्या दुर्बिणीवर तीन रात्री मिळाल्या. रजा मागायला त्या अध्यक्ष अमरसिंहदादांकडे गेल्या. दादांनी सगळा विषय शांतपणे ऐकून घेतला.

"म्हंजे मरायला टेकल्यालं वेशीवर पळत्यात, आणि त्यांच्या पळण्यावरनं मधी वजनदार कोण बसलाय ते कळतंय. व्हय?"

मॅडम म्हणाल्या, "मधेच असं नाही, दादा. ते चहूकडे पसरलेलं असतं."

"तेच म्हणतोय की. पसरलोयच आम्ही."

संस्थेच्या कार्याची दखल थेट अवकाशानं घेतल्याबद्दल दादांनी तिथल्या तिथे मॅडमचा जाहीर सत्कार ठरवला. समिती नेमली गेली (मी प्रसिद्धीप्रमुख). प्रमुख पाहुण्यांना सोयीची तारीख एकच निघाली, आणि ती नेमकी दुर्बिणीच्या रात्रींमधली होती. मॅडमनी तारीख बदलायची विनंती केली.

दादा मायेनं म्हणाले, "तारं कुठं पळून जात्यात म्याडम? फुडल्या वर्साला बघा की."

"तारे राहतील, दादा. रात्री दुसऱ्याला देतील."

मॅडमचे डोळे भरून आले. समितीच्या इतिवृत्तात त्याची नोंद आनंदाश्रू अशी आहे.

फाटकावर वीस फुटी डिजिटल बोर्ड लागला. त्यावर शुभेच्छुक एक्केचाळीस, मार्गदर्शक नऊ आणि प्रेरणास्थान एक. मॅडमच्या फोटोला जागा उरली नाही. काही कुजकट लोकांनी यावर टीका केली, पण हा निव्वळ शास्त्रीय काटेकोरपणा होता. ज्याच्या ओढीनं सगळे गोळा होतात, ते दिसायचं नसतंच.

सत्कार दणक्यात झाला. फेटा, शाल, नारळ आणि अकरा भाषणं. सत्कारमूर्तींच्या मनोगताला वेळ उरला नाही. त्या तीन रात्री दुसऱ्याच कुणाला गेल्या, असं मॅडमना मंचावरच मोबाइलवर कळलं. त्यांनी तो पालथा ठेवला आणि टाळ्या वाजवल्या.

मॅडमना कोणती दीर्घिका बघायची होती, ती किती लांब आहे, तिच्यात काय सापडेल असं त्यांना वाटत होतं, हे सभागृहात एकानंही विचारलं नाही. अर्थात सभागृहाचं समजू शकतो, मागच्या मांडवात मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा निवत होता (मॅडम जैन, त्यांच्यासाठी केळी मागवली होती). आपल्यापुढे तर ताटही नव्हतं, तरी आपण इथवर वाचत आलात आणि आपणही विचारलं नाहीत.