एका अर्जात एकच विषय

"झेरॉक्स काढली का?" सुनयनाबाईंनी नवऱ्याला विचारलं, आणि पंढरी सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"झेरॉक्स लग्नपत्रिकेची काढतेत. ग्रंथाची नाही."

"पण एकच प्रत हाय ना?"

"शिलालेख किती असतेत? एकच असते!"

एवढं सुनावून सरांनी चारशे बारा पानांचं हस्तलिखित लाल फडक्यात बांधलं, काखोटीला मारलं आणि सोमवारी सकाळी घराबाहेर पडले. ग्रंथाचं नाव होतं 'साहित्य, सरकार आणि समाज'. तेलंगणातल्या आदिलाबादच्या पोरांना एकतीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या माणसाचा तो साठलेला संताप होता. मराठी साहित्यिकांच्या लेखी मराठी पैनगंगेच्या काठाशी संपते. नदीच्या या बाजूला जे बोलतात ते बहुधा कावळे असावेत. सरकार कागद सांभाळतं, पण वाचत नाही. आणि समाज पुस्तक आणतोच घरात, मात्र ते पोराच्या नोकरीच्या परीक्षेचं. सरांच्या आधीच्या पुस्तकाच्या तीनशे प्रती निघाल्या होत्या, त्यातल्या दोनशे नव्वद अजून खाटेखाली होत्या आणि उरलेल्या दहा पाहुण्यांनी नाइलाजानं नेल्या होत्या.

या नव्या ग्रंथातलं अकरावं प्रकरण सरांचं विशेष लाडकं. तामसीकडच्या सावरटेक या गावातली जुनी बारव, तिच्या बेचाळीस पायऱ्या, सात कमानी आणि तळाशी असलेला शिलालेख. सुनयनाबाईंना ते वाचून दाखवताना त्यांनी दोनदा थांबून डोळे पुसले होते. सुनयनाबाई तूर निवडत होत्या, तरी दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली होती.

दुपारच्या गाडीनं नांदेडला जाऊन ग्रंथ छापखान्यात द्यायचा होता. त्याआधी कलेक्टर कचेरीत एक अर्ज टाकायचा होता. कचेरीच्या मागच्या खोलीत निजामाच्या काळचं दफ्तर वाळवी खात होती आणि सरांना ते सहन होत नव्हतं. दर सोमवारी तिथं लोकांचे तक्रारअर्ज घेत. सर रांगेत तासभर उभे राहिले आणि त्या तासाभरात मनातल्या मनात आणखी दोन प्रकरणांइतके संतापले.

खिडकीत बसलेली बाई एकदम उठून उभी राहिली. "नमस्ते सर! वळखलं का? मी प्रियदर्शनी."

सरांनी ओळखलं. बारा वर्षांपूर्वी याच पोरीनं वर्गात बारवांवर निबंध लिहून आणला होता, तोही एकही बारव न पाहता, गाइडातून. सरांनी तिला शून्य दिलं होतं आणि लाल शाईनं शेरा मारला होता: 'न पाहता लिहिणे म्हणजे थाप मारणे.' शिवाय तो शेरा वर्गात मोठ्यानं वाचायला लावला होता.

"नोकरी लागली वाटतं," सर म्हणाले. "गाइडातून?"

प्रियदर्शनी हसली आणि तिनं अर्ज घेतला. "सर, याले पुरावा जोडा लागते. जोडपत्र नसलं तं कंप्युटर अर्ज घेत नाही."

"वाळवीचा पुरावा? काय, वाळवी पकडून आणू?"

"काहीही चालते सर. कागद पायजे फक्त."

"कागद पायजे?" सरांनी बाड खिडकीत आपटलं. "हा पाह्य कागद! तुमच्या सरकारनं या जिल्ह्याचं काय केलं ते सगळं याच्यात हाय!"

मग सर सरकारकडून समाजाकडे वळले, समाजाकडून साहित्याकडे, आणि रांगेतल्या चाळीस माणसांनी ओरडून थांबवेपर्यंत दहा मिनिटं बोलले. पावती खिशात घालून ते ताठ मानेनं बाहेर पडले. मान इतकी ताठ होती की खिडकीत काय राहिलं ते दिसलंच नाही. ते बसस्टँडवर कळलं. गाडीत चढताना बाड आधी आत द्यावं म्हणून त्यांनी हात काखोटीला नेला, आणि पायाखालची वाळू सरकली.

कचेरीत परत येईपर्यंत खिडकी बंद झाली होती. प्रियदर्शनी डबा उघडून बसली होती.

"माझं बाड!"

"सर, मी तीनदा हाक मारली तुमाले. तुमी भाषण देऊन राह्यले होते." तिनं डबा बाजूला सारला. "मोठ्या साहेबाकडं गेलं ते. अन् इथं नियम हाय, एका अर्जात एकच विषय. तुमच्यात सत्तेचाळीस निघाले."

"म्हणजे?"

"साहेबानं पानं सोडवली. जिकडचं तिकडं गेलं. दुष्काळ शेतीकडं, जुने रस्ते बांधकामाकडं, वाघ वनखात्याकडं, पटकीची साथ दवाखान्याकडं."

सरांनी खुर्ची पुढं ओढली. "आणि साहित्य?"

"त्याचं खातं कोणालेच सापडून नाही राह्यलं. ते 'इतर'मध्ये हाय. 'इतर' माझ्याकडंच असते."

"आत्ताच्या आत्ता परत द्या! छापखाना वाट पाहून राह्यला!"

"रुजू झालेला कागद चौकशी झाल्याबिगर निघत नाही सर. पंधरा दिवस तरी लागतेत."

एकतीस वर्षांच्या संतापाचा ग्रंथ नऊ खात्यांत विखुरला होता. सरांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. सुनयनाबाईंनी झेरॉक्सचा झ सुद्धा काढला नाही, आणि त्याचाच सरांना सर्वांत जास्त राग आला.

तिसऱ्या दिवसापासून मोबाइलवर संदेश येऊ लागले, सगळे तेलुगूत. सरांना निजामाच्या काळची उर्दू वाचता येई, मोडी वाचता येई. तेलुगूशी मात्र त्यांनी बाजारापुरतंच नातं ठेवलं होतं. सुनयनाबाई निर्मल गावच्या, तेलुगू शाळेत शिकलेल्या. त्या चष्मा लावून वाचायच्या.

"'तुमी कळवलेल्या दुष्काळाची पाहणी केली. सध्या दुष्काळ नाही. अर्ज निकाली.'"

"अरे, तो आजोबाच्या वेळचा दुष्काळ!"

"मले काऊन सांगता? 'पटकीचा एकही रोगी आढळला नाही. खबरदारी म्हणून अर्जदाराच्या घराभोवती औषध मारण्यात येईल.'"

औषध मारणारे खरंच आले. सगळी गल्ली खोकली, आणि शेजाऱ्यांनी दोन दिवस सरांकडे असं पाहिलं की जणू पटकी त्यांनीच बाजारातून आणली. मग वनखात्यातून फोन आला.

"सर, वाघ कवा दिसला तुमाले?"

"मला नाही दिसला. नव्वद वर्षांपूर्वी तळ्यावर पाणी प्यायला यायचा तो!"

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला. "मंग कळवायले एवढा उशीर काऊन केला?"

सरांनी फोन आपटला. पण घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, म्हणतात ते खोटं नाही. दुसऱ्या दिवशी व्याही सुधाकरराव स्वतः दारात उभे राहिले. पाणी दिलं तर घेतलं नाही. सोळाव्या प्रकरणात सरांनी लिहिलं होतं की एका जमीनदारानं गावाचं गायरान दडपलं. जमीनदार म्हणजे सुधाकररावांचे पणजोबा. ग्रंथात नाव आलं तेव्हा सरांनी इतिहासाशी इमान राखलं होतं. व्याही कुठं वाचणार आहेत, असाही एक विचार त्यामागे होता.

"आमच्या पणजोबाले नोटीस आली हाय," सुधाकररावांनी कागद पुढं केला. "गुरुवारी अकरा वाजता सोता हजर व्हायले सांगतलं. आता आणा त्यायले!"

"सुधाकरराव, ते इतिहास म्हणून लिहिलेलं..."

"इतिहास असा व्याह्याच्या घरी पाठवतेत का? तुमची पोरगी आमच्या घरी हाय, इवाई. तिनं चुलीजवळ काय सांगावं? बापानं आजेसासऱ्याच्या आज्यावर केस टाकली म्हणून?"

सरांनी खाली मान घातली. ते जन्मात पहिल्यांदा झालं आणि सुनयनाबाईंनी ते लक्षात ठेवलं.

सोळाव्या दिवशी सर कचेरीत गेले ते भांडायच्या तयारीनं. सरकारला काय काय बोलायचं ते त्यांनी येताना पाठ केलं होतं. पण प्रियदर्शनीनं त्यांच्यापुढं लाल फडक्यातलं बाड ठेवलं. चारशे बारा पानं, क्रमानं लावलेली. फक्त बाड आधीपेक्षा जाड झालं होतं.

"प्रत्येक खात्यातल्या मराठी येणाऱ्यानं मराठीतच शेरा लावला हाय सर. पाहून घ्या."

सर तिथंच बाकावर बसले आणि चिडून पानं उलटू लागले. बांधकामवाल्यानं लिहिलं होतं, जुन्या सडकेचा नकाशा बरोबर आहे, फक्त पूल दोन नसून तीन होते, पैकी एक आम्हीच पाडला. शेतीवाल्यानं ज्वारीच्या जुन्या वाणांच्या यादीत दोन नावं घातली होती, आईला विचारून. महसूलवाल्यानं गायरानाचा जुना उतारा शोधून जोडला होता आणि खाली लिहिलं होतं: 'तक्रार खरी दिसते. प्रतिवादी मयत असल्याने जबाब घेता आला नाही.' वनखात्याच्या माणसानं वाघाच्या पानावर शेरा लिहिला नव्हता. नुसतंच 'छान' लिहून सही केली होती.

सरांचा संताप जागच्या जागी घोटाळला. सरकार वाचत नाही, हे त्यांच्या ग्रंथाचं पहिलंच वाक्य होतं. त्या वाक्यासमोरही कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'वाचले.'

मग अकरावं प्रकरण आलं. त्याला एक अख्खा कागद टाचलेला होता.

'विषय: सावरटेक येथील बारव. खाते नसल्याने "इतर". रविवारी बसने जाऊन समक्ष पाहणी केली. पायऱ्या एकोणतीस. कमानी तीन. शिलालेख नाही, तळाच्या दगडावर पोरांनी कोरलेला खेळाचा पट आहे. गावातील विठाबाई, वय ब्याऐंशी, यांचा जबाब: "इथं लिहिणारा मास्तर कवाच आला नाही." अर्ज निकाली.' खाली सही, प्रियदर्शनी.

सर त्या कागदाकडं पाहत राहिले. बेचाळीस पायऱ्या त्यांच्या मामानं सांगितल्या होत्या, चाळीस वर्षांपूर्वी, आणि मामाला बेचाळीस हा आकडाच आवडायचा. सावरटेक आदिलाबादहून बसनं तासाच्या आत होतं. एकतीस वर्षं पोरांना जाऊन पाहायला सांगण्यात स्वतः जायला वेळ झाला नव्हता. त्यांचे कान तापले. आता ही लाल शाई काढणार, या भीतीनं त्यांनी खिडकीकडं पाहिलं. प्रियदर्शनी मान खाली घालून दुसऱ्या अर्जांच्या नोंदी करत होती. तिनं एक अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

सरांनी खिशातला लाल पेन काढला. अकराव्या प्रकरणाच्या डोक्यावर ठसठशीत शून्य काढलं आणि खाली लिहिलं: 'न पाहता लिहिणे म्हणजे थाप मारणे.' नांदेडच्या छापखानेवाल्याला त्यांनी त्याच बाकावरून फोन केला आणि थांबायला सांगितलं. का, असं त्यानं विचारलं तेव्हा सर त्याच्यावरही ओरडले.

दुसऱ्या सकाळी ते सावरटेकच्या बसमध्ये होते. विठाबाईंनी त्यांना बारव दाखवली आणि "आता आला का, बाप्पा?" एवढंच विचारलं.

पुढच्या सोमवारी सर पुन्हा रांगेत उभे होते. यावेळी भाषण नव्हतं, पण रागाला उधाण आलेलं होतं.

"सर, आता काय तक्रार?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"तुझ्या चौकशीविरुद्ध तक्रार! पायऱ्या एकोणतीस नाहीत, तीस हायत! शेवटची पाण्याखाली गाळात हाय. मी कमरेइतक्या पाण्यात उतरून पायानं चाचपली."

"सोता?"

"सोता! विठाबाई साक्षीदार हायत. तिचा जबाब बी जोडला." सरांनी नव्यानं लिहिलेलं अकरावं प्रकरण खिडकीत ठेवलं. "एका अर्जात एकच विषय."

प्रियदर्शनीनं पानं हातात घेतली, उलटून पाहिली आणि तिला हसू आवरेना. "सर, ही तं झेरॉक्स हाय!"

"मंग?" सर कडाडले. "सरकारच्या हाती मूळ प्रत देत असतेत का कोणी? वाचून काढता तुमी लोक!"