ओरिजिनल दांडे

गाडीच्या टपावर सामान बांधायचे दांडे कुठले घ्यायचे, यावर हाल्वार आणि त्याचा शेजारी एगिल मार्च महिनाभर वाद घालत होते. एगिलने बाजारातले, कुठल्याही गाडीला बसणारे दांडे घेतले. हाल्वारने दुप्पट किंमत मोजून गाडीच्याच कंपनीचे घेतले. त्यांच्यावर त्याच कंपनीची लांब पेटी बसवली. दांड्यांना आणि पेटीला मिळून एकच किल्ली, याचं त्याला विशेष कौतुक.

"आईने बाळासाठी विणलेला स्वेटर आणि दुकानातला स्वेटर, फरक राहणारच," तो म्हणायचा.

"बाळाला थंडी वाजली नाही म्हणजे झालं," एगिल म्हणायचा.

ईस्टरच्या सुट्टीत, शुक्रवारी संध्याकाळी दोघेही डोंगरातल्या आपापल्या लाकडी घरी पोहोचले. तिथेही ते शेजारीच. हाल्वारच्या पेटीत त्याच्या नातीच्या, रग्नीच्या, नव्या स्की होत्या. शनिवारी अकरा वाजता मुलांची शर्यत. या शर्यतीत वेळ मोजत नाहीत. जो पोहोचेल त्याला सारखंच बक्षीस आणि एक संत्रं. पण सात वर्षांची रग्नी यंदा पहिल्यांदाच आजोबांचा हात न धरता शर्यतीतला चढ चढणार होती. सबंध हिवाळा त्याने तिला तेवढंच शिकवलं होतं.

सव्वादहाला हाल्वार पेटी उघडायला गेला आणि खिसे चाचपत राहिला. त्या कुलपाच्या सारख्याच किल्ल्या दोन होत्या. एकीने पेटी बंद करून त्याने ती किल्ली नेहमीच्या शिस्तीने घरच्या खुंटीवर टांगली होती. घर चार तासांवर.

"आणि दुसरी?" एगिलने विचारलं.

"पेटीत. प्रवासात हरवू नये म्हणून."

एगिल हसला नाही. हाल्वारला तेच जास्त लागलं.

वाकडी तार घालून झाली, जेवणाच्या काट्याची मूठ घालून झाली. झाकण हललंसुद्धा नाही. हाल्वारला राहवेना. घाम पुसत तो रग्नीला म्हणाला, "बघ, कसं घट्ट बसलंय. बाजारातलं असतं तर केव्हाच उघडलं असतं."

"मग बाजारातलं का नाही घेतलं, आजोबा?"

छातीवर नऊ नंबर लावून ती उभी होती. खाली उतारावर मुलं जमू लागली होती. हाल्वारने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा चकचकीत पेटीकडे पाहिलं, आणि तो सरपणाच्या खोलीतून कुऱ्हाड घेऊन आला.

"थांब जरा," एगिल म्हणाला. त्याने कुलपाजवळ नाक नेलं. "एकशे सतरा लिहिलंय इथे." मग त्याने खिशातून आपल्या दांड्यांची किल्ली काढली, तिच्यावरचा आकडा पाहिला, आणि ती कुलपात घातली.

पेटी उघडली.

तारेने खरवडून कुलपावरचं गाडीच्या कंपनीचं चिन्ह निम्मं सोलून निघालं होतं. खाली एका कारखान्याचं नाव कोरलेलं होतं. एगिलच्या किल्लीवरही तेच नाव होतं.

रग्नी दोनदा पडली, दोन्ही वेळा आपली आपण उठली, आणि आपली आपण वर पोहोचली. हाल्वारची मान इतकी ताठ झाली की टोपी मागे घसरली. संत्रं सोलून त्याने अर्धं एगिलला दिलं.

"मी म्हणत होतो ना, ओरिजिनलच घे," हाल्वार म्हणाला. "शेवटी तेच घेतलंस."