उसना पसारा

पसारा आणि डोकं यांचं नातं मला जेवढं कळतं, तेवढं आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाही कळत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचताना तुमचं मत बदलण्याची शक्यता आहे. माझं बदललेलं नाही.

मी खेळणी सुचवतो. म्हणजे एका छोट्या कारखान्यासाठी घरी बसून नवीन खेळण्यांचे नमुने करतो. माझ्या टेबलावर स्प्रिंगा, चाकं, बाहुल्यांचे सुटे डोळे आणि अर्धा जिराफ असतो. शिवाय दोन कप. एकात चहा, दुसऱ्यात डिंक. कुठल्यात काय, ते ओठाला लावल्यावर कळतं. लोक याला पसारा म्हणतात. मी याला डोकं म्हणतो, फक्त ते कवटीत मावत नाही म्हणून टेबलावर ठेवलेलं असतं.

पुरावा हवा असेल तर आमचं उलटं चालणारं बदक घ्या! बाजारात तुफान चाललं, तेही उलटं. त्याची खरी स्प्रिंग एका मोज्याखाली हरवली होती. शोधताना हाताला रणगाड्याची लागली, ती घाईत उलटी बसली, आणि बदक मागे निघालं. तो मोजा कपाटात घडी घालून ठेवलेला असता, तर ते बदक इतर बदकांसारखं मुकाट पुढे गेलं असतं आणि मला कुणी विचारलं नसतं.

आमच्या मालकांची खेळणं तपासायची एकच पद्धत आहे. समोर गरम चहा ठेवायचा आणि हातात खेळणं घ्यायचं. चहा गरम असतानाच संपला तर खेळणं नापास. खेळण्याच्या नादात चहा गार होऊन वर साय धरली तर पास. बदकाच्या वेळी कपाच्या काठावर माशी येऊन बसली, वाट बघून कंटाळली आणि निघून गेली, तरी मालक बदकाकडेच बघत होते.

पण बदकानंतर मला काही सुचलं नाही. रडणारं अस्वल नापास झालं. घोरणाऱ्या बाहुलीच्या वेळी तर मालकांनी दुसरा कप मागवला. तो संपवून म्हणाले, "कलाकार, शनिवारी तुमच्या घरी येतो. नवीन काही दाखवा. नाहीतर सोमवारपासून पॅकिंगमध्ये बसा."

पॅकिंग म्हणजे दिवसभर दुसऱ्यांची खेळणी खोक्यात भरायची. झाकण लावायचं, पट्टी चिकटवायची, पुढचं खोकं. माझ्यासारख्याला ही जन्मठेप.

नेमक्या त्याच आठवड्यात ताई माझ्याकडे राहायला आली. तिच्या घराला रंग देणं चाललं होतं. ताई एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये केसपेपर लावते. तिच्या हाताखाली लाखभर माणसांचे आजार अकारविल्हे उभे असतात. तिने माझ्या खोलीकडे जसं बघितलं, तसं डॉक्टर शेवटच्या अवस्थेतल्या पेशंटकडे बघतात.

तिने कुठेतरी वाचलं होतं की घरातल्या अडगळीने मन उदास होतं आणि कल्पना अडतात. टेबल मोकळं तर डोकं मोकळं. मी सांगितलं की कारखान्याला माझं डोकं भरलेलं हवंय, मोकळं डोकं त्यांच्याकडे ऑफिसात भरपूर आहे. ती हसली नाही. मीही मागे हटलो नाही. त्या रात्री मी मुद्दाम आणखी एक मोजा टेबलावर ठेवला.

बुधवारी दाढ दाखवायला गेलो आणि परत आलो, तर खोली नव्हती! म्हणजे भिंती होत्या. मधलं गेलं होतं. अर्धा जबडा बधिर असल्यामुळे मला धड बोंबलताही येईना. तोंडातून फक्त लाळ आली. ताईला वाटलं, मला भरून आलंय.

"काही टाकलेलं नाही," तिने पाठीवर हात फिरवला. "सगळं नीट ठेवलंय. कुठे, ते शनिवारनंतर सांगेन. तोवर या टेबलाशी बस, बाळ्या. बघ कसं सुचतं."

बसलो. टेबल इतकं स्वच्छ होतं की त्यात माझा चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावर एकही कल्पना नव्हती. तासाभराने मी एक चित्र काढलं. टेबलाचं. खेळण्यातलं टेबल. काय करतं? काही नाही. असतं.

हे पॅकिंगकडे जाणारं टेबल होतं. मला पसारा हवा होता, आणि माझा मिळत नसेल तर दुसऱ्याचा. मी सरळ वरच्या मजल्यावरच्या ड्रायव्हरकाकांकडे गेलो. काका आयुष्यभर अँब्युलन्स चालवून निवृत्त झालेत, पण अजूनही जिन्यात त्यांना सगळे वाट देतात. त्यांना म्हटलं, घरात काही सटरफटर असेल तर चार दिवस उसनं द्या. काकांनी विचारलं, कशाला? मी म्हटलं, घरात काही उरलेलंच नाही हो, काका.

हे अक्षरशः खरं होतं. चूक एवढीच झाली की तेव्हा माझा जबडा सुजलेला होता.

काका खाली आले आणि दारातून आत डोकावले. रिकामी खोली बघितली. माझा गाल बघितला. धूळ झाडून झाडून ताईचे डोळे लाल झाले होते, तेही बघितले. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालं होतं की माझ्याकडे चोरी झाली. चोरांनी घर धुऊन नेलं, आडवा आलो म्हणून मला मारलं, आणि बहीण बिचारी रडून रडून अर्धी झाली.

मग लोक यायला लागले.

पहिल्या टेलरकाकू. एक गोणी चिंध्या आणि बटणांचा डबा माझ्या हातात देऊन त्यांनी ताईला मिठी मारली. वस्तू काय गं, पुन्हा येतात, जीव वाचला हे महत्त्वाचं, असं म्हणाल्या. ताईने खरं सांगायला तोंड उघडलं, पण रडणाऱ्या बाईच्या मिठीत काही सांगता येत नाही. पाठोपाठ तळमजल्यावरून एक पाय नसलेली खुर्ची आली. कुणी दोऱ्या तुटलेले पडदे दिले, कुणी मासे नसलेली माशांची अख्खी काचपेटी. आणि व्यायामाच्या सायकली! आमच्या बिल्डिंगमध्ये तीन सायकली होत्या आणि तिघांनीही त्या स्वतः जिने चढवून आणल्या. सायकलींना झालेला तो पहिलाच व्यायाम. मी प्रत्येकाला बजावत होतो की हे उसनं आहे, परत करणार. त्यावर प्रत्येकजण घाईघाईने म्हणाला, परत मुळीच आणायचं नाही हं. दुसऱ्याच्या दुःखात माणसं किती पटकन माळा रिकामा करतात!

गुरुवारी माझी खोली पुन्हा भरली होती. काठोकाठ. मी विजयी मुद्रेने त्यात घुसलो आणि हात घातला.

काही झालं नाही.

माझ्या पसाऱ्यात हात घातला की वस्तू आपणहून बोटांशी येतात. इथे प्रत्येक वस्तू मला विचारत होती, आपण कोण? चिंधी काकूंची होती, बटणं काकूंच्या गिऱ्हाइकांची. परक्या लग्नात चुकून शिरल्यासारखं मी सगळ्यांकडे बघून हसत फिरत होतो.

शुक्रवारी ताई कामावरून आली, तेव्हा मी जमिनीवर बसलो होतो.

"आवरतोयस?"

"नाही."

"बटणं रंगाप्रमाणे लावलीयस."

"ती काकूंची आहेत. माझा असा पसारा नसतो."

ती पर्स ठेवून शेजारी बसली आणि निळी बटणं वेगळी करायला लागली. तिला हे मनापासून आवडतं, हे बघून मला फार राग आला.

शनिवारी मालक आले. दोन सायकलींच्या मधून आडवे होत आत शिरले. बसायला जागा नव्हती, म्हणून तिसऱ्या सायकलीवर बसले. ताईने चहाचा कप शेजारच्या सायकलीच्या सीटवर ठेवला. पाय पॅडलवर असल्यामुळे मालक नकळत पॅडल मारायला लागले.

"दाखवा, कलाकार."

मी टेबलाचं चित्र दाखवलं. मालकांनी पहिला घोट घेतला. ते काय करतं, असं विचारून दुसरा घेतला. असतं, असं मी म्हटल्यावर तिसरा. कप अर्ध्यावर आला होता. त्या कपात माझं सगळं आयुष्य खाली खाली जात होतं.

मग मात्र माझा संयम सुटला. मी म्हटलं, "मालक, हे टेबल माझं नाही. हे ताईने साफ केलेल्या डोक्यातून आलंय. माझं डोकं तिने लपवून ठेवलंय, आणि ते मिळेपर्यंत मी दुसरं काही दाखवणार नाही. पॅकिंगमध्ये बसवायचं तर बसवा."

मालकांनी पॅडल मारत ताईकडे बघितलं. "कुठे ठेवलंय यांचं डोकं?"

ताई खाली वाकली आणि पलंगाखालून खोकी ओढायला लागली. पलंगाखाली जागा असते, हे मला त्या दिवशी कळलं. प्रत्येक खोक्यावर तिच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. 'चाकं'. 'डोळे'. 'स्प्रिंगा'. शेवटचं खोकं सगळ्यांत मोठं. त्यावर लिहिलं होतं, 'काय आहे माहीत नाही'.

मालकांचे पाय थांबले. "ते द्या."

खोकं मांडीवर घेऊन त्यांनी न बघता आत हात घातला. एक बिजागरी निघाली, तिच्यात गुंतलेलं बदकाचं पाऊल.

"हे काय?"

"माहीत नाही."

"मग टाकलं का नाही?"

"कधीतरी लागेल."

त्यांनी पाऊल बिजागरीत बसवून हलवून बघितलं. पुन्हा हात घातला. एक दांडी निघाली, ती पावलाला लावली. पुन्हा हात. एवढ्यात ड्रायव्हरकाका सायकलीचं राहिलेलं सीट द्यायला आले आणि बघता बघता त्यांचाही हात खोक्यात गेला. आणि ताई! लाखभर आजार अकारविल्हे लावणाऱ्या माझ्या बहिणीने अर्ध्या जिराफाला चहाच्या गाळणीची टोपी घातली, आणि आपल्याला कुणी बघत नाहीये ना, हे बघितलं. मी बघत होतो.

पण माझा एक डोळा कपावर होता. चहावर साय धरली होती. जाड, सुरकुतलेली, देखणी साय!

"हेच," मालक खोक्यातून डोकं न काढता म्हणाले. "खोकं असंच, अक्षर ताईंचं, आणि आत काय आहे ते कुणालाच माहीत नाही. प्रत्येक खोक्यात वेगळं."

मी जिंकलो होतो. पसारा जिंकला होता. ताई म्हणाली, पलंगाखालचं खोकं जिंकलं. हा वाद अजून मिटलेला नाही आणि मी तो मिटू देणार नाही.

सोमवारी कारखान्यात एक अडचण निघाली. पॅकिंगमधली माणसं शिस्तीची. त्यांनी भरलेली सगळी खोकी सारखीच निघाली, वस्तूसुद्धा ओळीने लावलेल्या. मालकांनी मला बोलावून घेतलं. "असं वेडंवाकडं भरणं तुमच्याशिवाय कुणाला जमणार, कलाकार?"

तेव्हापासून मी पॅकिंगमध्ये बसतो. मला तिथे बसवलेलं नाही, हे लक्षात घ्या. माझी कल्पना तिथे आहे, म्हणून मी तिच्याजवळ बसतो. झाकण लावतो, पट्टी चिकटवतो, पुढचं खोकं.

पॅकिंगचा नियम आहे की संध्याकाळी टेबल रिकामं करून निघायचं. मला तो मान्य नाही. मी रोज त्यावर एक निळं बटण ठेवून येतो. सकाळी ते निळ्या बटणांच्या डब्यात सापडतं.

मी हरलेलो नाही. आज लाल ठेवून आलोय.