कालवणातलं प्युरीन

डॉक्टरांनी बेनेडिक्टचा बांगडा बंद केला, तेव्हा गिरीज गावातल्या त्या घरात कुणी गेल्यासारखी शांतता पसरली. त्याच्या उजव्या पायाचा अंगठा लालबुंद सुजला होता. माशातल्या प्युरीनचं शरीरात युरिक ॲसिड होतं आणि ते सांध्यात साचतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यातला 'प्युरीन' एवढा एकच शब्द बेनेडिक्टने घरी आणला.

तो ऐकून त्याचा मुलगा कॉन्रॅड चमकला. कॉन्रॅड मुंबईला पीएच.डी. करत होता आणि त्याचा विषयच हा होता : जंतू प्युरीन आत कसं घेतात. प्रयोगशाळेतला फ्रिज बिघडल्यामुळे त्या शनिवारी त्याने आपल्या जंतूंची बाटली बर्फाच्या डब्यात घालून घरी आणली होती.

"तुझे जंतू प्युरीन खातात?" बेनेडिक्टने विचारलं.

इतक्या वर्षांत वडिलांनी त्याच्या कामाबद्दल प्रथमच काही विचारलं होतं. कॉन्रॅडला भरून आलं.

"त्याशिवाय ते जगतच नाहीत, पप्पा. बाकीचे जंतू प्युरीन स्वतः बनवतात, ह्यांना ते जमत नाही. म्हणून बाहेर मिळालं की आत ओढतात. आत एक एन्झाइम असतं, ते प्युरीनला साखर-फॉस्फेट चिकटवतं. मग ते परत बाहेर पडू शकत नाही."

"सगळं ओढतात?"

"थेंब ठेवत नाहीत!"

बेनेडिक्टने गंभीरपणे मान हलवली.

रविवारी चर्चमधल्या मिसानंतर कॉन्रॅड गायनमंडळाच्या तालमीला थांबला. दुपारी घरी येतो तर बाटली अर्धी आणि झाकण भलतीकडेच. त्याची आई कॅथरीन पदराने डोळे पुसत होती.

"मी नको म्हटलं रे. ऐकतायत कुठे?"

बेनेडिक्ट तृप्त चेहऱ्याने ओटीवर बसला होता. "बांगड्याचं कालवण आधी गार केलं," तो म्हणाला. "गरमात बिचारे मेले असते. मग जंतू घालून तासभर झाकून ठेवलं. अर्धे ठेवलेत, घाबरू नको. उद्या बोंबील आहेत."

"पप्पा, जंतू कुणी जेवतं का!"

बेनेडिक्टच्या पोटाला काही झालं नाही. संध्याकाळी अंगठा मात्र असा पेटला की पायावर चादरसुद्धा सोसवेना.

"थेंब ठेवत नाहीत म्हणालास," तो कण्हत म्हणाला.

"त्यांनी प्युरीन पोटात घेतलं, पप्पा, आणि तुम्ही त्यांना. मग ते गेलं कुठे?"

"हे काल सांगायचं होतंस," बेनेडिक्ट म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

सोमवारी कॉन्रॅड उरलेली बाटली घेऊन पीएच.डी.च्या मार्गदर्शक सरांसमोर उभा राहिला. उघड्या बाटलीत आता भलतेच जंतू शिरले असणार. सर हाकलून देतील अशी तयारी ठेवून त्याने बांगड्यासकट सगळं सांगितलं.

सर रागावले नाहीत. ते उठले, लंगडत जाऊन त्यांनी केबिनचं दार लावलं आणि परत खुर्चीत बसले.

"जंतू दुसरे देईन मी," ते हलक्या आवाजात म्हणाले. "पण कालवणात तासभरच ठेवले होते?"

"हो सर."

"तासाभरात काय होणार!" सर खिन्नपणे म्हणाले आणि त्यांनी वाकून बुटाची नाडी सैल केली.