एंटर दाबायला कोणी आहे का?

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले बापटकाका कॉम्प्युटरवर कमांड टाइप करतात, पण एंटर कधी स्वतः दाबत नाहीत. त्याला दुसरं माणूस लागतं. बहुतेक वेळा ते माणूस मी असते. मी ऑफिसला गेले असले तर दूधवाला, कुरिअरवाला, एकदा तर सिलिंडर खांद्यावर घेऊन आलेला गॅसवाला. "भैया, ज़रा इसे पढ़ लीजिए, ठीक लगे तो यह बटन दबा दीजिए." तो बिचारा गंभीर चेहऱ्यानं स्क्रीनकडे बघतो, मान डोलावतो आणि दाबतो.

काका बँकेत होते, तेही तपासणी खात्यात. "एकानं भरायचं, दुसऱ्यानं पास करायचं. दोन्ही एकाच हातानं झालं की बँक बुडालीच समजा!" रिटायर झाल्यावर गावी साताऱ्याला न जाता ते इथेच लखनौत, चिनहटला राहिले. बँक सुटली, खोड सुटली नाही.

आता त्यांनी विश्व तपासायला घेतलंय. त्यांची मुलगी मुक्ता परदेशात खगोलशास्त्रज्ञ आहे. दूरच्या आकाशगंगांचा प्रकाश येताना वाटेत किंचित वाकतो. त्या वाकण्यावरून विश्वात न दिसणारं वस्तुमान किती, ते काढणारी प्रोग्रॅमची लांबलचक साखळी तिनं तयार केली. ते लोक तिला पाइपलाइन म्हणतात. ती सगळ्यांसाठी खुली करण्याआधी कुणीतरी नवख्या माणसानं, नुसत्या लेखी सूचना वाचून, साध्या कॉम्प्युटरवर बसवून बघायला हवी होती. काका म्हणाले, "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. म्हणजे मीच योग्य."

खरं कारण मला माहीत होतं. काकू होत्या तोवर फोनवर त्याच बोलायच्या. काकांच्या वाट्याला शेवटचं "तब्येत ठीक?" तेवढं यायचं. काकू गेल्या आणि बापलेकीला बोलायला विषयच उरला नाही. दर रविवारी "ठीक?" "ठीक." की फोन बंद. मला ते ऐकवत नसे.

काकांनी सूचनांची एकही ओळ सोडली नाही. अडलं की मुलीला थेट आक्षेप पाठवायचे: "सदर सूचनेत नमूद केलेली फाइल जागेवर आढळली नाही. संबंधितांनी खुलासा करावा." संबंधित, म्हणजे मुक्ता, पोट धरून हसायची आणि लगेच फोन करायची. ती लखनौत वाढलेली. मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीच. "बाबा, खुलासा दे रही हूँ, लिख लीजिए." काका मराठीतून उलटतपासणी घ्यायचे. रविवारचा फोन रोजचा झाला. काका दाढी करून फोनची वाट बघू लागले.

शेवटी पाइपलाइन बसली. चालवायची म्हटल्यावर काकांनी गीझर, मिक्सर, इस्त्री सगळ्यांवर बंदी घातली, न जाणो फ्यूज उडाला तर! दुसऱ्या दिवशी दुपारी मला हाक आली. स्क्रीनवर काकांचा आकडा होता, शेजारी मुक्तानं पाठवलेला. मी दोनदा ताडून पाहिले. जुळत होते. मी टाळ्या वाजवल्या. काकांनी चष्मा काढला.

"काका, अहो, झालं की!"

"झालं ना." चष्मा पुसत म्हणाले, "आता आक्षेप काय घेऊ?"

तेवढ्यात मुक्ताचाच फोन आला. काकांनी स्पीकर लावला.

"जुळलं," काका म्हणाले.

"सच्ची? बाबा, आप कमाल हैं!"

"हो. आता तुला रोज फोन करायचं कारण नाही." जरा थांबून म्हणाले, "मला सवय झाली होती गं."

 

मग मुक्ता म्हणाली, "बाबा, आज दाल कौन सी बनाई?"

काका गोंधळले. माझ्याकडे बघायला लागले. मी उठले.

"तुरीची," ते म्हणाले. "मीठ जरा जास्तच पडलं."

"कितना डाला था?"

मी दार ओढून घेतलं. आत काका मीठ किती घातलं ते सांगत होते.