बावीस कच्चे लिंबू

पार्सिपनीतल्या एका विमा कंपनीत कर्मचाऱ्यांचा धीर कमी झाला आहे, असं वार्षिक पाहणीत आढळून आलं. किती कमी झाला, कुणाचा झाला आणि मुळात होता का, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. कमी झाला म्हणजे वाढवायला हवा, आणि वाढवायचा म्हणजे त्याला एक महिना द्यायला हवा. त्यानुसार जून हा 'धीर, स्वास्थ्य आणि समावेश महिना' जाहीर झाला, आणि कॅफेटेरियातली कॉफी बंद होऊन तिथे मन शांत करणारा कॅमोमाइलचा चहा सुरू झाला.

पाहणी निनावी होती. पण 'मला या ऑफिसात बॅटिंग मिळत नाही' असं लिहिणारी निनावी व्यक्ती अख्ख्या कंपनीत एकच होती. ती म्हणजे टेस्टिंग विभागातली उत्तरा. वय एक्कावन्न, दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात हातखंडा. दर जूनमध्ये पार्सिपनी ऑफिस विरुद्ध पिस्कॅटवे ऑफिस अशी टेनिस बॉलची मॅच व्हायची, आणि उत्तरा गेली काही वर्षं संघात 'राखीव' होती. राखीव म्हणजे संत्री कापायची, बटाटेवडे आणायचे आणि फोटोत मागच्या ओळीत हसायचं. कॅप्टन कुमार दर वेळी म्हणायचा, उत्तराताई, नेक्स्ट इयर पक्कं हं. वडे संपेपर्यंत तरी तो हे मनापासून म्हणत असावा.

यंदा मात्र बाईंनी पदर खोचला होता. बर्फ वितळल्यापासून रोज संध्याकाळी गराजचं दार हे स्टंप मानून ड्राइव्ह-वेवर सराव चालला होता. बॉल टाकायला नाना. नाना म्हणजे तिचे वडील, नागपूरहून पस्तीस वर्षांपूर्वी आलेले हाडांचे डॉक्टर. आता रिटायर होऊन लेकीकडे राहायला आले होते. कॉलेजच्या टीममधून खेळलेला माणूस. ते कानीकपाळी ओरडायचे, "हळू बॉलला मागे थांबू नकोस. पाय पुढे टाक." उत्तरा म्हणायची, "हो हो, नाना," आणि मागेच थांबायची. तसं नानांचं प्रत्येक गोष्टीत मत असे. डिशवॉशर कसा लावावा, नात अनिकाने कुठलं कॉलेज घ्यावं, कुठला हायवे कधी तुंबतो. या सगळ्यावर घरात त्यांना एकमुखाने "हो हो, नाना" मिळायचं. नानांचा घरात किती मान ठेवतात, असं मराठी मंडळातले लोकही म्हणायचे.

तर पाहणीचा निकाल हातात घेऊन समावेश-प्रमुख मोनाने मीटिंग बोलावली. मोना इथेच जन्मलेली, तिशीची, अत्यंत शांत. तिच्या शांतपणाने समोरच्याचं ब्लडप्रेशर वाढायचं. मंडळाच्या गणपतीत ती उत्तराला मावशी म्हणे, ऑफिसात नुसतं उत्तरा. तिने विचारलं, क्रिकेट टीममध्ये एक व्यक्ती वगळली गेल्याचं फील करते आहे, त्याबद्दल कॅप्टनला काय वाटतं? कुमारला घाम फुटला. आणि घाम फुटलेला मराठी माणूस जे करतो तेच त्याने केलं. त्याने संस्कृतीला पुढे केलं.

तो म्हणाला की समावेश आमच्या रक्तात आहे. आमच्याकडे त्याची जुनी परंपरा आहे, तिला कच्चा लिंबू म्हणतात. आईच्या आग्रहास्तव खेळात घेतलेलं धाकटं पोर म्हणजे कच्चा लिंबू. त्याला बॅटिंग द्यायची, फील्डिंग द्यायची, फक्त ते कधी आऊट होत नाही. मोनाचे डोळे पाण्याने भरले. त्याचे रन धरत नाहीत, हे कुमारने सगळ्यात शेवटी आणि जरा हळू आवाजात सांगितलं.

उत्तराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन भावांच्या पाठची ती, बाराव्या वर्षापर्यंत कच्चा लिंबू होती. एकदा तिने बॉल थेट शेजारच्यांच्या गच्चीवर मारला होता, आणि मोठा भाऊ म्हणाला होता, "छान हं. पण धरला नाही." ते 'छान हं' एवढ्या वर्षांनी, सात समुद्र ओलांडूनही, तिला विसरता येत नव्हतं.

"मला आऊट व्हायचंय," ती म्हणाली.

मोनाने मान तिरकी केली. "आय हिअर यू, उत्तरा," ती म्हणाली, आणि तिने बोर्डवर लिहिलं: आऊट होण्याची भीती.

आठवड्याभरात पिवळे टी-शर्ट आले. त्यावर हसणारं लिंबू. पण कंपनीच्या वकिलांनी हरकत घेतली की पन्नाशीच्या एकाच बाईला लिंबू ठरवणं हा भेदभाव होतो, कंपनीवर केस होऊ शकते. भेदभाव टाळायचा सरळ मार्ग म्हणजे सगळ्यांनाच लिंबू करणं. दोन्ही संघांचे मिळून बावीस कच्चे लिंबू झाले. मग बोलरांनी तक्रार केली की कुणी आऊटच होणार नसेल तर आमच्या स्वास्थ्याचं काय. त्यांना प्रत्येक ओव्हरनंतर कौतुकाचं एक वाक्य द्यायचं ठरलं. अंपायरने एखाद्याकडे बोट दाखवणं अपमानास्पद असल्याने, दांडी उडाल्यास त्याने छातीवर हात ठेवावा, असंही ठरलं.

ही योजना वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी नजरेला पडली. वरच्या मजल्याला क्रिकेट कळत नव्हतं, पण लिंबू चटकन कळलं. पंधरा जूनला ईमेल आला की यापुढे संपूर्ण कंपनी लिंबू-तत्त्वावर चालेल. कुणाची चूक धरली जाणार नाही. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. काम धरलं जाणार की नाही, हे तिसऱ्या परिच्छेदात होतं, आणि टाळ्या वाजवणारे तिसऱ्या परिच्छेदापर्यंत गेलेच नव्हते. वार्षिक पगारवाढीच्या वेळी ते तिथवर गेले. वरचा मजला स्वतः लिंबू नव्हता. ते 'लिंबू-संरक्षक' होते, आणि संरक्षकांचे रन नेहमीप्रमाणे धरले जाणार होते.

मॅचच्या दिवशी उत्तरा सकाळपासून पॅड बांधून बसली. मनात एकच गोष्ट. काय व्हायचं ते होऊ दे, पण खरं होऊ दे. कुमार ओपनिंगला उतरला. दुसऱ्याच बॉलला त्याचा मधला स्टंप आडवा झाला. अंपायरने छातीवर हात ठेवला, कुमारने मान लववली आणि पुन्हा गार्ड घेतला. पुढे तो आणखी दोनदा बोल्ड झाला आणि चार वेळा झेल दिला, पण जो आऊट होत नाही त्याला बाहेर कसं काढणार? ते वगळणं झालं असतं. ज्या योजनेने उत्तराला आत घ्यायचं, त्याच योजनेमुळे कुमारला बाहेर काढता येत नव्हतं. मोनाने बाऊंड्रीवर पॅड बांधलेल्यांचं 'धीर-वर्तुळ' भरवलं आणि सगळ्यांना श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं.

शेवटच्या ओव्हरला कुमारला क्रॅम्प आला तेव्हा कुठे उत्तरा आत गेली. पहिला बॉल तिने असा मारला की तो दोन फील्डरांच्या मधून सरळ पार्किंगपर्यंत गेला. फील्डरांनी टाळ्या वाजवल्या. बोर्डावर शून्य. पुढच्यावर तिने पळून दोन काढले. शून्य. तिसरा बॉल हळू आला. उत्तरा मागेच थांबली, आणि दांडी गुल.

तिने बॅट काखेत घातली आणि चालायला लागली. मोना धावत आली, हलक्या हाताने तिला वळवत म्हणाली की तू कुठेही जायची गरज नाही, ही तुझी सेफ स्पेस आहे. उत्तरा म्हणाली, मी आऊट आहे. अंपायर म्हणाला, नाहीस. पिस्कॅटवेचा बोलर बिचारा रडवेला झाला होता. तेवढ्यात झाडाखालच्या खुर्चीतून आवाज आला.

"आऊट! स्वच्छ आऊट आहे ती. पाय पुढे आला नाही."

नाना उठून उभे राहिले होते, काठी वर करून. उत्तराला हुंदका फुटला. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणीतरी आऊट दिलं होतं. अर्थात मोनाने आणि अंपायरने तिला पुन्हा क्रीजवर उभं केलं आणि उरलेले बॉल खेळायला लावले. सामना शून्य-शून्य असा सर्वसमावेशक सुटला, बावीस जणांना धीर-पदकं मिळाली, आणि वडे संपले.

घरी जाताना उत्तरा गाडी चालवत होती, शेजारी अनिका फोनवर, मागे नाना. नाना म्हणाले, "तुझे सहा झाले. मी धरले हं."

उत्तराचे डोळे पुन्हा भरून आले. या जगात आपल्याला धरणारं एक तरी माणूस आहे, असं तिला अगदी पोटातून वाटलं. एवढा मोठा अन्याय कुणी कुणावर कसा करू शकतं, हे ती अनिकाला समजावून सांगू लागली. माणसाला खेळात घ्यायचं, गोड बोलायचं, टाळ्या वाजवायच्या, आणि धरायचं मात्र नाही. यापेक्षा सरळ हाकलून द्यावं ना.

"पुढे तुंबलंय," मागून नाना म्हणाले. "२८७ हायवे सोड. बर्नार्ड्सव्हिलला उतर आणि २०२ धर."

"हो हो, नाना," उत्तरा म्हणाली, आणि २८७ वरच राहिली.

पाच मिनिटांत पुढे नजर जाईल तिथवर लाल दिवे लागले. गाडी थांबली. मग नानांनी विचारलं, "उत्तरा, आपल्या घरात माझे रन धरतात का गं?"

उत्तराचं सगळं लक्ष पुढच्या गाडीवर होतं.

"हो हो, नाना," ती म्हणाली.

हसताय? हसा. पण तुमच्या मागच्या सीटवरचं माणूस मघाशी काय म्हणालं, ते आधी आठवून सांगा.